विज्ञान प्रदर्शन पोरांचं की बापांचं?

धरमपेठवाला: काल इथे एकाने ठोकून दिलं, 'शाळांची विज्ञान प्रदर्शनं बंद करा, स्पर्धा बापांची असते.' डोकंच फिरलं. दोन वर्षं तालुक्याच्या प्रदर्शनाला परीक्षक होतो, म्हणून बोलतोय. सिरिंजचा जेसीबी दरवर्षी डझनभर येतो, हे खरं. एका पोराला विचारलं, नळीत पाण्याऐवजी हवा भरली तर? पोरगं बापाकडे बघतंय, बाप मागून हातवारे करतोय. हवा दाबली जाते, जोर पुढे पुरता पोचत नाही, एवढंच सांगायचं होतं! पण त्याच हॉलच्या कोपऱ्यात नववीतली एक मुलगी दोन खोकी घेऊन बसली होती. दोन्हींवर टिनाचं छप्पर, एकावर चुना. मे महिनाभर आतलं तापमान वहीत. पहिल्या तीन दिवसांवर काट. का गं? 'ताप मोजायचं थर्मामीटर लावलं होतं, ते ४२ च्या वर जातच नाही.' नागपूरच्या उन्हानंच तिला शिकवलं. हे बंद करायचं?

कॉटनमार्केट: मीच तो 'एक'. तिचा नंबर आला का?

धरमपेठवाला: …नाही. बाकी दोघा परीक्षकांना मॉडेल 'आकर्षक' वाटलं नाही.

कॉटनमार्केट: मग मी काय वेगळं म्हणत होतो?

सावनेरच्या मॅडम: आम्हालाही विचारा कधी. केंद्र सरकारच्या 'इन्स्पायर' योजनेसाठी मुलांच्या कल्पना ऑनलाइन आम्ही भरायच्या. निवड झाली की १० हजार मुलाच्या खात्यात येतात, पण आधारवर नाव वेगळं, पासबुकावर वेगळं, बँकेच्या चकरा आमच्या. वर मतदार याद्या. विज्ञान शिकवायचं कधी?

महालातला: ते सोडा. माह्या पोरीले परीक्षकानं इंग्रजीत इचारलं, याचं प्रिन्सिपल काय? तिनं मुख्याध्यापिका बाईंचं नाव सांगितलं. सारे हासले. घरी येऊन रडली.

नवी शुक्रवारी: वाईट वाटलं भाऊ, पण पुढे सगळं इंग्रजीतच आहे. शास्त्रज्ञ सी. व्ही. रमणांनी शोधनिबंध मराठीत लिहिले होते का?

महालातला: रमण नागपुरात हिशेब खात्यात साहेब होते, त्याईले कोणी प्रिन्सिपल नाही इचारलं. तुमची पोरं सीबीएसईत, तुमाले काय समजणार?

नवी शुक्रवारी: माझा मुलगा सेमीत आहे. आणि आवाज खाली.

महालातला: सेमी! 'फोटोसिंथेसिस' घोकतात अन् प्रकाशसंश्लेषण म्हटलं की तोंड पाहत बसतात.

नवी शुक्रवारी: तुम्ही स्वतः एका दमात म्हणून दाखवा आधी.

सावनेरच्या मॅडम: खरं सांगू? माझ्या वर्गाला दोन्ही शब्द येत नाहीत. पण झाड रात्री काय करतं, ते बरोबर सांगतात.

धरमपेठवाला: आपण प्रदर्शनावर बोलत होतो.

कॉटनमार्केट: बरं बाबा, नका करू बंद. पालकांना फाटकाबाहेर उभं करा, चहा पाजा आणि आत फक्त वही तपासा. ज्याच्या वहीत एकही काट नाही, तो बाद.

महालातला: अन् प्रश्न मराठीत.

नवी शुक्रवारी: वहीचं पटलं. नाइलाजाने. त्या मुलीने मग थर्मामीटर कुठून आणलं? माझ्या मुलालाही हेच करायचंय.

धरमपेठवाला: शाळेच्या प्रयोगशाळेतून. मॅडमना विचारा.

सावनेरच्या मॅडम: आमच्या प्रयोगशाळेत सध्या मतदार याद्यांचे गठ्ठे आहेत. थर्मामीटर त्याखाली असावं.