प्रतिसाद: दहा सेकंद सगळ्यांना सारखे नसतात

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की फॉर्म्युला वन शर्यतीत धडकेचा परिणाम बघून ड्रायव्हरची शिक्षा ठरवावी. मला नाही पटत. पुढच्याची गाडी नुसती खरचटली की भिंतीत गेली, हा बराचसा नशिबाचा भाग. स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, चूक बघतात, तेच बरोबर आहे.

खरी गोची शिक्षेच्या वजनात आहे. २०२१ ची ब्रिटनमधली सिल्व्हरस्टोनची शर्यत आठवा. धडकेबद्दल हॅमिल्टनला दहा सेकंदांचा दंड मिळाला, तो त्याने पिटमध्ये (टायर बदलायच्या थांब्यावर) उभं राहून भरला आणि शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत पुढे असलेल्या लक्लेर्कला गाठून शर्यत जिंकलीही. वेगवान गाडीला दहा सेकंद म्हणजे किरकोळ दंड. मधल्या घोळक्यातल्याचे तेवढ्यात चार-पाच क्रमांक जातात.

पुढच्याच शर्यतीत, हंगेरीत, बोटास पहिल्याच वळणावर नॉरिसवर आदळला आणि स्वतःही बाद झाला. मग वेळेचा दंड लावणार कशावर? म्हणून पुढच्या शर्यतीच्या ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, पाच जागा मागे. ती पुढची शर्यत नेमकी बेल्जियममधल्या स्पाची! पावसात सगळे वेग आवरणाऱ्या सेफ्टी कारच्या मागे, ओव्हरटेक करायची सोयच नाही. म्हणजे तीच शिक्षा तिथे दुप्पट झाली.

त्यात स्टुअर्डांचं पॅनेल दर शर्यतीला बदलतं. निदान त्यांचा अध्यक्ष तरी वर्षभर एकच ठेवा की!