मदत हवी आहे : पसंतीक्रमाची मतं मोजायची कशी?

मंडळी, रविवारी भाचीची वादविवाद स्पर्धा आहे. विषय : देशाने मतदान पद्धत बदलावी का? ती बदलाच्या बाजूने बोलणार. २०१४ ला बसपाला चार टक्क्यांवर मतं मिळूनही लोकसभेत भोपळा, न्यूझीलंडने १९९३ च्या सार्वमतात पद्धत बदलली, ब्रिटनने २०११ मध्ये बदल नाकारला, इथवर जमलंय.

अडलंय ते राष्ट्रपती निवडणुकीतल्या पसंतीक्रमापाशी (उमेदवारांना १, २, ३ असे क्रम द्यायचे; शेवटचा बाद झाला की त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात). काल गिरगावात आमच्या चाळीच्या गॅलरीत वडापाव, मिसळ, भजी अशा चिठ्ठ्या टाकून पाहिलं. भजी बाद झाली, पण तिच्या दोन चिठ्ठ्यांवर दुसरी पसंतीच नाही! (आजीने नुसती फुली मारली, ते वेगळंच.) अशा चिठ्ठ्यांचं करायचं काय? आणि परीक्षकांनी 'मग स्थिर सरकार कसं येणार?' विचारलं तर?