पडद्याच्या फोटोवरून डोळ्यातली बुरशी खरंच ओळखता येते का?

रात्रपाळी: दादा अठरा दिवस आयसीयूत आहे, मानेत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी), अँटिबायोटिक्स चालूच, तरी ताप उतरेना म्हणून ब्लड कल्चर केलं तर कॅन्डिडा नावाची बुरशी निघाली. काल डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब टाकून बाहुली मोठी केली आणि रेटिनाचे, म्हणजे डोळ्यामागच्या पडद्याचे, फोटो काढले. त्याची डोळ्याची काही तक्रारच नाही! स्क्रीनवर नारंगी पडद्यावर दोन पांढरे ठिपके होते, कडा पिंजलेल्या कापसासारख्या. फंगस वाटतंय म्हणाले. नुसत्या फोटोवरून? डोळ्यातलं पाणी काढून तपासायला नको का?

फंडसवाला: मी हेच फोटो काढतो, डॉक्टर नाही. फोटोवर बुरशीचं नाव लिहून येत नाही हो, टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा डागही कधीकधी असाच दिसतो. पण रक्तात कॅन्डिडा सापडलेला आणि पडद्यावर असे ठिपके, म्हणजे दोन्ही जोडून बघतात. रक्तातून आलेली बुरशी पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यात अडकते, तिथून पडद्यात आणि मग पुढे डोळ्यात भरलेल्या पारदर्शक जेलमध्ये, आणि ठिपका नजरेच्या मधोमध नसेल तर पेशंटला पत्ताच लागत नाही. ओसीटी स्कॅन झालं का विचारा, त्यात पडद्याचे थर उभे कापल्यासारखे दिसतात, ठिपका आतच आहे की जेलमध्ये घुसलाय ते कळतं. जेलमध्ये पसरलं असेल तर सहसा सॅम्पल घेतात आणि डोळ्यात इंजेक्शनही देतात. आत्ता औषध कुठलं चालू आहे?

रात्रपाळी: कॅस्पोफंजिन.

फंडसवाला: मग हे आजच विचारा, ते रक्तासाठी चांगलं पण डोळ्यात नीट पोचत नाही. फ्लुकोनाझोल, व्होरिकोनाझोल पोचतात. कुठलं चालेल ते कल्चरच्या रिपोर्टवरून डॉक्टरच ठरवतील.

जुनाचष्मा: आमच्या आईच्या वेळी फोटोत नुसतं धुकं आलं, जेलच इतकं गढूळ की मागचं काही दिसेना. आधी साधी सूज समजून स्टेरॉइड दिलं, चार दिवस बरं वाटलं आणि मग नजर आणखी गेली. शेवटी व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे ते जेल काढायचं ऑपरेशन, करून जेल तपासलं तेव्हा बुरशी निघाली. फोटो स्वच्छ येतोय हेच नशीब समजा.

फांदी_लागली: कुणी हे वाचून लाल डोळ्यासाठी रेटिनाचा फोटो मागू नका, मला फांदी लागून फंगस झाला तो पुढे बुबुळावर होता. तिथे खरवडून स्लाइड बघतात, पडद्याच्या फोटोचा काही उपयोग नाही.

रात्रपाळी: अपडेट. ओसीटी झालं, दोन्ही ठिपके पडद्यातच आहेत, जेल स्वच्छ, त्यामुळे सुई नको म्हणाले. कॅन्डिडा फ्लुकोनाझोलला दाद देणारा निघाला, औषध बदललं. पुढच्या आठवड्यात परत तेच फोटो काढून कालच्याशेजारी लावून बघणार, ठिपके आकसले का ते. दादा मात्र थेंबांवरच चिडलाय, अख्खी संध्याकाळ मोबाईल दिसला नाही म्हणे.