त्रिकास्थीतील गाठ : आधी बायॉप्सी की थेट शस्त्रक्रिया?

प्रश्न
वडिलांच्या (वय ६१) माकडहाडाच्या वर कित्येक महिने दुखत होते आणि बसल्यावर ते दुखणे वाढत असे. एमआरआयमध्ये त्रिकास्थीत (माकडहाडाच्या वरच्या, कण्याच्या तळाच्या हाडात) मोठी गाठ दिसली असून अहवालात कॉर्डोमाची (हाडाच्या एका दुर्मिळ कर्करोगाची) शंका नोंदवली आहे. एका शल्यचिकित्सकांचे म्हणणे आहे की गाठ लगेच काढू, तपासणी नंतर होईलच. दुसऱ्यांना आधी बायॉप्सी (सुईने गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणी) हवी आहे. सुई लावली की कर्करोग पसरतो, ही घरातील सर्वांची भीती आहे. कोणाचे ऐकावे?

उत्तर (हाडांच्या कर्करोगाचा शल्यचिकित्सक)
बायॉप्सी आधीच व्हायला हवी, कारण उपचारांचा क्रम तिच्यावरच ठरतो. प्लाझ्मासायटोमा (प्लाझ्मा पेशींची गाठ) असेल तर मुख्यतः रेडिएशन देतात, युइंग सार्कोमात (हाडाच्या आणखी एका कर्करोगात) केमोथेरपीपासून सुरुवात होते, आणि कॉर्डोमावर नेहमीची केमोथेरपी जवळजवळ निष्प्रभ ठरते. शिवाय मणक्यातील बहुतेक घातक गाठी शरीरात अन्यत्र सुरू झालेल्या कर्करोगाच्या असतात, तेही तपासावे लागते.

आपली भीती अगदीच निराधार नाही. सुईच्या वाटेवर पेशी राहू शकतात. म्हणून सीटीवर पाहत, पाठीकडून, पुढे जिथे छेद घ्यायचा त्याच रेषेवर सुई घालतात आणि ती वाट नंतर गाठीबरोबरच काढून टाकतात. सुईची जागा शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकानेच ठरवावी. गुदाशयातून बायॉप्सी मात्र करू देऊ नये.

कॉर्डोमा ठरल्यास गाठ न फोडता, भोवतीच्या निरोगी भागासह एकसंध काढणे महत्त्वाचे असते. तुकड्यातुकड्यांनी काढलेली गाठ पुन्हा उद्भवण्याची शक्यता बरीच वाढते, आणि तेव्हा ती एकसंध काढण्याची संधी क्वचितच उरते. ‘लगेच काढू’ या सल्ल्याची मला चिंता वाटते ती यामुळेच.

उत्तर (पॅथॉलॉजिस्ट)
एक भर घालतो. कॉर्डोमा आणि कॉन्ड्रोसार्कोमा (कूर्चेच्या पेशींचा कर्करोग) सूक्ष्मदर्शकाखाली फसवे साम्य दाखवू शकतात; एस-१०० ही चाचणी दोन्हींत सकारात्मक येते, म्हणून ब्रॅक्युरीची (कॉर्डोमात आढळणाऱ्या, पण कॉन्ड्रोसार्कोमात सहसा नसणाऱ्या प्रथिनाची) तपासणी झाली आहे का, हे अहवालात पाहावे.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. शस्त्रक्रियेनंतर लघवी-शौचावरचा ताबा जाईल का?

उत्तर (शल्यचिकित्सक)
गाठ किती वरपर्यंत गेली आहे, यावर ते अवलंबून आहे. त्रिकास्थीतून निघणाऱ्या नसांपैकी वरून दुसऱ्या क्रमांकाच्या दोन्ही बाजूंच्या नसा आणि तिसऱ्या क्रमांकाच्यांपैकी किमान एक वाचली, तर ताबा बहुधा टिकतो. दुसऱ्या क्रमांकाच्या दोन्ही गेल्या, तर सहसा जातो. तेवढी किंमत मोजायची नसेल, तर प्रोटॉन किंवा कार्बन आयनांच्या उच्च मात्रेच्या रेडिएशनचा पर्याय काही रुग्णांसाठी खुला असतो. कोणत्या नसा कापाव्या लागतील, हे संमतिपत्रावर सही करण्याआधी स्पष्ट विचारून घ्यावे.