सल्ला हवा: इंग्रजी अनेकवचन घरी कसं शिकवावं? (पुणे)

कोथरूडची_आई: नमस्कार मंडळी. लेक पाचवीत, सेमी-इंग्लिशला. अनेकवचनाच्या नियमांचा तक्ता तोंडपाठ आहे, पण लिहिताना ‘बस’ला नुसता एस लावते आणि ‘बॉय’चा वाय काढून आय-ई-एस करते. क्लास लावायचा नाहीये, घरीच घ्यायचंय. पुस्तकही सुचवा.

शिकवणीवाले_काका: ताई, तक्ता सध्या बाजूला ठेवा, आधी कान तयार करा. शब्द मोठ्याने म्हणायला लावा. बस, ब्रश, बेंच यांच्या शेवटी स, श, च आहे. त्यांना नुसता एस जोडून म्हणताच येत नाही, मध्ये ‘इ’ येतोच, म्हणून ई-एस. हे तोंडात बसलं की स्टमकही सुटतो: स्पेलिंगच्या शेवटी सी-एच असलं तरी आवाज ‘क’चा, म्हणून फक्त एस.

वायच्या आधीचं अक्षर बघायचं. बॉयमध्ये ओ हा स्वर आहे, वाय राहतो. सिटीमध्ये टी आहे, तिथे आय-ई-एस. लक्ष्मी रोडवर खेळण्यांच्या दुकानाची इंग्रजी पाटी वाचून घ्या, ‘टॉईज’मध्ये वाय जागेवर दिसेल.

एफचं मात्र पाठच करावं लागतं: नाइफचं नाइव्ह्ज, पण रूफचं रूफ्स. टीथ, फीट, चिल्ड्रेन रोजच्या बोलण्यातूनच येऊ द्या.

पेठेतली_वाचक: अप्पा बळवंत चौकात जा आणि गाइड न घेता लर्नर्स डिक्शनरी मागा. त्यात नामापुढे सी किंवा यू छापलेलं असतं. सी म्हणजे मोजता येणारं, यू म्हणजे न मोजता येणारं. अनियमित अनेकवचनही तिथेच मिळतं.

मला विचाराल तर आपली मुलं अडतात ती या यूपाशीच. मराठीत ‘केस काळे आहेत’, म्हणून सर्रास ‘माय हेअर्स आर ब्लॅक’ लिहितात. डोक्यावरचे सगळे केस मिळून इंग्रजीत हेअर, आणि पुढे इज. फर्निचर, लगेज, इन्फर्मेशन यांनाही एस लागत नाही.

कोथरूडची_आई: खूप आभार! मग ‘दोन सल्ले’ कसं म्हणायचं?

शिकवणीवाले_काका: टू पीसेस ऑफ अ‍ॅडव्हाइस. एस पीसला लागतो, अ‍ॅडव्हाइस तसंच राहतं. आणि न्यूजकडे लक्ष असू द्या: शेवटी एस दिसतो, पण क्रियापद इजच.