मदत हवी आहे: अमेरिकेतील कॉलेज सामन्यांची क्षणचित्रे भारतातून कशी पाहावीत?

माझी भाची अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल संघात लिबेरो, म्हणजे केवळ बचाव करणारी खेळाडू, आहे. सामना संपला की तेथील क्रीडा विभागाच्या संकेतस्थळावर गुणतक्ता आणि त्याखाली क्षणचित्रांची फीत येते. मात्र पुण्यातून ती उघडताच काळ्या चौकटीत ‘आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही’ एवढीच ओळ उमटते. प्रक्षेपणाचे हक्क कॉन्फरन्सकडून, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाकडून, वाहिन्यांना विकले जातात हे मान्य. परंतु ज्या खेळाच्या एका सामन्याला ३० ऑगस्ट २०२३ रोजी नेब्रास्कात ९२,००३ प्रेक्षक जमले, त्याच्या परदेशी चाहत्यांची काही सोय असेलच ना? इन्स्टाग्रामवरील तुकड्यांत केवळ स्मॅशच दिसतात, जमिनीलगत चेंडू उचलणारी आमची मुलगी चौकटीबाहेरच राहते. विभागातील नेमक्या कोणाला पत्र लिहावे, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?