आजी गेल्याच्या वर्षी गावचा गणपती आणावा का?

प्रश्न: चैत्रात आजी गेली, तेरावं झालं. गणपती कणकवलीजवळच्या घरी असतो. आणायचा ना? मुंबईहून सहा जण जाणार.

उत्तर १: नक्की आणा. तेराव्यानंतर सुतक राहत नाही आणि पार्थिव म्हणजे मातीच्या मूर्तीचं गणेशपूजन दरवर्षीचं व्रत आहे. रोषणाई हवी तर कमी करा. मूर्ती ज्यावर घडवतात तो घरचा पाट मात्र मूर्तिशाळेत लवकर पोचवा, नाहीतर ‘यंदा यांचा नाही’ असं धरून मूर्ती दुसऱ्याला जाते. आजीचा फोटो मखरात नको, वेगळ्या भिंतीवर लावा.

उत्तर २: रेल्वेच्या तिकिटांचं बघा आधी! आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ ला उघडतं. सहा जण एका तिकिटात बसतात. परतीची तारीख वेगळी असल्याने ते आरक्षणही वेगळ्या दिवशी उघडतं, तिथेच लोक चुकतात.

उत्तर ३: ऋषीपंचमीची भाजी आजीच करत असणार. यंदा कुणीतरी हातात घ्याच. अळू, लाल माठ, भेंडी, दोडका, भोपळा, सुरण, मक्याचं कणीस. अळू-सुरणाला चिंचेचा कोळ सुरुवातीलाच घाला, शेवटी घातला तर घसा खाजतो. सुरण आधी अर्धा शिजवा, भेंडी सगळ्यात शेवटी.